शून्यातली ज्वारी

मित्रांनो, माझ्या गोल चेहऱ्यावर एकच काटा आहे, म्हणून पुष्कळजण मला बंद पडलेले घड्याळ समजतात. मी वेळ सांगत नाही, वजन सांगतो. झाडाच्या फांदीला टांगून, खालच्या आकड्याला कापडी झोळी अडकवून ज्याने लहान मुलांना तोलतात, तो स्प्रिंगचा जुना वजनकाटा मी.

१९७४ च्या मे महिन्यात अरुंधती मला पिशवीत घालून नागपूरहून खाप्याच्या बसमध्ये चढली. ती डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. सुटीचे सहा आठवडे खेड्यात राहून तिथल्या लोकांचे आरोग्य समजून घ्यायचे, असे काम तिच्या कॉलेजने काही विद्यार्थ्यांना दिले होते. रामदासपेठेत वाढलेल्या त्या मुलीला सगळ्याचेच कुतूहल. कन्हानच्या वाळूत टरबुजे कशी पिकवतात, बाळंतिणीला काय खाऊ घालतात, सारे ती विचारी आणि वहीत उतरवून घेई.

खाप्याजवळची ती वस्ती पंधरा घरांची. अरुंधती उतरली होती प्रयागबाईंकडे. त्या तिथल्या सुईण; वस्तीतले प्रत्येक मूल आधी त्यांच्या हातांत आलेले. दर सोमवारी ऊन तापण्यापूर्वी त्यांच्या अंगणातल्या कडुनिंबाला मला टांगत. आया मुलांना झोळीत ठेवत, अरुंधती वजन वाची आणि प्रत्येकाच्या तक्त्यावर ठिपका देई.

झोळीत मुलाखाली प्रत्येक आई एक लहानशी पुरचुंडी सरकवी. अरुंधतीला ते अंथरायचे फडके वाटले. मला ते काय आहे हे कळत होते; पण मित्रांनो, मला बोलता येत नाही. जे पडेल ते मी दाखवतो.

गोपिकाची मुलगी पंचफुला अकरा महिन्यांची होती. पहिल्या सोमवारी ती सहा किलो भरली आणि तिसऱ्या सोमवारी सहा किलो तीनशे ग्रॅम. अरुंधतीने आनंदाने ठिपका वर चढवला. प्रयागबाईंनी मात्र मुलीचा दंड दोन बोटांत धरून पाहिला.

“हा काटा म्हणते पोरगी वाढली,” त्या म्हणाल्या. “मले तं दंड बारीक लागून राहिला.”

दुसरे कोणी असते तर रागावले असते. अरुंधतीने झोळी चाचपली आणि पुरचुंडी सोडली. आत ज्वारी होती. हे कशासाठी, असे तिने गोपिकाला विचारले.

“नुसतं लेकरू तोलत नसते, ताई. तोलते ते विकाची वस्तू. संग दाणे ठेवले का दाणे तोलल्या जाते, लेकराले नजर लागत नाही.”

“पण या वेळी एवढे जास्त?”

“पोरगी नाजूक होऊन राहिली ना. म्हणून जास्त घातले.”

अरुंधतीच्या हातातली पेन्सिल थांबली. मूल जितके खंगेल तितके दाणे वाढणार, आणि दाणे वाढतील तितका ठिपका वर चढणार. ती पुरचुंडीच अर्धा किलो भरली. घाबरून अरुंधती म्हणाली की दाणे बाजूला ठेवा, मुलीला एकटीला तोलू. गोपिकाने मुलीला उचलले आणि ती निघून गेली.

दोन दिवस अरुंधती तिच्या दारावरून परत आली. संध्याकाळी प्रयागबाईंनी भाकरी थापता थापता तिला सुनावले.

“तुले दाणे काढाची घाई. ते माय लेकराची राखण करून राहिली, हे तुह्या वहीत लिहिलं का?”

अरुंधतीने वही मिटली. मग तिची नजर माझ्याकडे गेली. माझ्या माथ्यावर एक लहान स्क्रू आहे. तो फिरवून काटा शून्यावर आणतात. प्रत्येक घरची एकेक मूठ एकाच पुरचुंडीत घालून ती झोळीतच शिवून टाकली, तर ती सगळ्या मुलांची राखण करील का, असे तिने विचारले. प्रयागबाईंनी बोटांवर घरे मोजली.

“पंधरा घरचे दाणे म्हंजे तं एका घरापरीस भारी राखण.”

त्या स्वतः घरोघर फिरल्या. झोळीला पुरचुंडी शिवली आणि दाण्यांसकट ती झोळी टांगून अरुंधतीने सगळ्यांसमोर माझा काटा शून्यावर आणला; आता दाणे मोजले जाणार नव्हते. चौथ्या सोमवारी गोपिका आली. पंचफुला पाच किलो सातशे ग्रॅम भरली. गोपिका माझ्या काट्याकडे पाहत राहिली, आणि मग हळूच म्हणाली, “आता काय चारू हिले?”

होळीत पोट बिघडल्यापासून मुलगी नुसत्या अंगावरच्या दुधावर होती. प्रयागबाईंनी ज्वारीच्या कण्या मऊ शिजवल्या, वर तुरीचे वरण आणि तेलाची धार. दिवसातून पाच वेळा, थोडे थोडे. अरुंधती निघाली त्या सहाव्या सोमवारी मी सहा किलो दाखवले. मित्रांनो, त्या सहा किलोंत बाहेरचा एकही दाणा नव्हता. होते ते तिच्या पोटात गेलेले.

मी तिथेच राहिलो. पुढे दर उन्हाळ्यात नवे विद्यार्थी आले, दर उन्हाळ्यात घरोघरची नवी ज्वारी भरून माझे शून्य पुन्हा लावले गेले. दहा वर्षांनी नवा काटा आला आणि मी नागपूरला, कॉलेजच्या कपाटात परतलो. तिथे उंदरांनी पुरचुंडी फोडून दाणे खाल्ले. तेव्हापासून माझा काटा शून्याच्या मागे उभा असतो. कोणीतरी तो पाहिला आणि माझ्या गळ्यात ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी अडकवली.

मित्रांनो, तुम्हीही एखाद्या सुटीत खेड्यावर जाल. काट्याचे शून्य तपासल्याखेरीज मूल झोळीत ठेवू नका, आणि झोळीत काही अनोळखी सापडले तर फेकण्याआधी आईला विचारा. जमल्यास माझी चिठ्ठीही काढा. मी बिघडलेलो नाही. पंधरा घरच्या पंधरा मुठींची जागा मी अजून राखून ठेवली आहे.