मास्तरांच्या सीटची उंची

सायकल घरात राहणार की मेव्हण्याकडे जाणार, याचा निकाल त्या सुट्टीच्या दिवशी लागायचा होता. शिंपीमास्तर आठवडाभर सायकलवरून दुकानात गेले आणि आठवडाभर मशीनपुढे एका बाजूला कलून शिवत राहिले. बायको म्हणाली, बसताच येत नसेल तर ठेवायची कशाला, माझा भाऊ केव्हाचा मागतोय. मास्तरांना सायकल सोडवत नव्हती. उतारावर पाय न मारता जाताना आपण अजून विशीतच आहोत असं त्यांना वाटे, आणि असं वाटायला लावणारी दुसरी वस्तू घरात उरली नव्हती.

अंदाजाने चढवलेली सीट आज मापाने बसवू, असं ठरवून त्यांनी सायकल भिंतीला टेकवली, पाना काढला आणि टेपने आपल्या पायाची आतली लांबी स्वतःच मोजली. तिथेच घोडं पेंड खायला लागलं. मास्तरांचा सारा धंदा गिऱ्हाइकाचं मन राखण्यावर चालायचा. पोट सुटलेल्या माणसाची कंबर मोजताना ते तोंडाने एक आकडा बोलत आणि कापड दुसऱ्याच आकड्याने कापत. माणूस खूश, पँटही बसे. आज माप घेणारेही तेच आणि गिऱ्हाईकही तेच. टेप जराशी सैल सुटली, आकडा जरासा फुगला, आणि या खेपेला मास्तरांनी तोंडचाच आकडा खरा धरला.

सीट आणखी चढली. मास्तरही चढले. पेडल खाली गेलं की चवडा जेमतेम पोचायचा आणि कंबर इकडून तिकडे झोके घ्यायची. दोष अर्थातच सीटचा निघाला. तिचं नाक खाली केलं, तर ते घसरत हँडलवर आले. वर केलं, तर जे झालं ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं. मग उशी बांधली, त्याने उंची अजूनच वाढली. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण कोणीतरी आपल्याच मापाने शिवलेली दिसते, असं त्यांच्याही मनात येऊन गेलं.

काजं करत बसलेली बायको शेवटी उठली. "उभे राहा नीट. अहो, टाचा टेकवा."

तिने टेप घट्ट धरून माप घेतलं आणि टेप गुंडाळून ठेवली.

"किती भरलं गं?"

"किती ऐकायचंय तुम्हाला?"

मास्तरांनी पाना उचलला. उशी सोडली, नट सैल केला आणि पेडलवर टाच ठेवून पाय सरळ होईल इतकी सीट खाली घेतली. दांडी आत जात होती तसतसा त्यांचा तोराही आत जात होता. मग ते गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. कंबर जागच्या जागी, बूड शाबूत. मेव्हण्याने आता खुशाल दुसरी बघावी, असं त्यांनी दारातच जाहीर केलं.

बायकोने मान डोलावली, सायकल त्यांच्या हातून घेतली आणि सहज टांग मारली. आजवर सीट तिच्या आवाक्याबाहेर होती म्हणून ती सायकलला हात लावत नव्हती, हे मास्तरांच्या आत्ता लक्षात आलं. ती कोपऱ्यावरून वळली ती लवकर परतलीच नाही. मास्तर पाना घेऊन दारात उभे राहिले. मेव्हण्याला दिली असती, तर निदान परत मागता तरी आली असती.