पाच मोजेपर्यंत

आमच्या आत्याआजीने, म्हणजे बाबांच्या सख्ख्या आत्याने, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी जाहीर केलं की ती डान्स क्लबसाठी अल्बम काढणार आहे. तेही सकाळी साडेसातला, दात घासता घासता. बाबा म्हणाले, आधी चूळ भर, मग बोल. तिने चूळ भरली आणि तेच पुन्हा सांगितलं.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, आत्याआजी एके काळी भयंकर फेमस होती. चमचमते झगे, कोपरापर्यंत हातमोजे, समोर मोठा पंखा लावून केस उडवायचे आणि रडकी प्रेमगीतं गायची. तिची गाणी ऐकून लोकांची लग्नं जमायची, काहींची मोडायचीसुद्धा. मग वीस वर्षं ती गायलीच नाही. आणि आता तिच्या जुन्या कंपनीच्या साहेबांचं पत्र आलं की जुनी गाणी गोळा करून ‘अमर आठवणी’ नावाचा संच काढूया. सोबत मुखपृष्ठाचा नमुना होता. आत्याआजीचा काळापांढरा फोटो, मागे ढग, कोपऱ्यात एक मेणबत्ती.

“मी गेलेय का?” आत्याआजीने आम्हाला एकेकाला विचारलं. “नाही ना? मग हे ढग कशाला?”

साहेबांशी तिची फोनवर तासभर जुंपली. शेवटी असं ठरलं की तिने नवा अल्बम करून दाखवायचा. लोक नाचले तर तो निघणार. नाही नाचले तर मुकाट्याने ढग.

स्टुडिओ द्यायला साहेब तयार नव्हते, म्हणून आमच्या अडगळीच्या खोलीत भिंतींना गाद्या लावल्या. लॅपटॉपवर ठेके बनवणारी एक ताई आली. तिला मी ठेकाताई म्हणते. तिची खासियत ही की ती गाणाऱ्याच्या मागून जाते. गाणारा थांबला की तिचा ठेकाही थांबतो. आता गंमत अशी की आत्याआजीच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. व्यायाम ठरलेला होता. उताणं झोपायचं, पाय सरळ वर उचलायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, हळूच खाली आणायचा. प्रत्येक पायाने दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग गायचं कधी? तिने दोन्ही एकदमच उरकायला घेतलं. गादीवर झोपून, वर इस्त्रीच्या टेबलाला माइक टांगून, सगळाच्या सगळा अल्बम तिने असा गायला. पाय वर गेला की ती दातओठ खाऊन गप्प. ती गप्प म्हणून ठेकाही गप्प. पाय खाली आला की दोघं पुन्हा सुसाट.

दोन महिने आम्ही हेच ऐकत होतो, त्यामुळे घरात कोणाला काही खटकलंच नाही. आई तर भाजी चिरतानासुद्धा पाच मोजेपर्यंत सुरी हवेत धरायची.

शनिवारी दुपारी तीनला एका क्लबात चाचणी होती. दिवसाउजेडी क्लब म्हणजे अगदी बिचारी जागा असते. फरशीला फिनाइलचा वास, खुर्च्या टेबलांवर उलट्या आणि एक सफाईवाले काका पोछा घेऊन उभे. साहेबांनी ऑफिसातले वीसेक लोक आणले होते, मी माझ्या वर्गातल्या अकरा मुली. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. यंदा वादविवाद स्पर्धेत मी परीक्षकांनाच उलटा प्रश्न विचारला, तेव्हापासून घरात माझं नाव भोंगा. तर भोंग्याने सगळ्यांना गोळा केलं होतं.

पहिलं गाणं सुरू झालं आणि शप्पथ, काय उसळलं! ऑफिसातल्या बायका पर्स खाली ठेवून नाचायला लागल्या. आणि गाणं थांबलं. लोकांना वाटलं संपलं, ते टाळ्या वाजवून पाणी प्यायला निघाले, तेवढ्यात गाणं सुरू. परत धावत आले, परत थांबलं. तिसऱ्या वेळी कोणी जागचं हललं नाही. एक कारकून खुर्ची सरळ करून चक्क बसला.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. आई, बाबा, मी आणि ठेकाताई, चौघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

साहेब म्हणाले, ही भोकं बुजवा. ठेकाताईने दहा मिनिटांत सगळ्या गप्प जागा कापून गाणं ऐकवलं. बस सुटत असताना मागे धावणारी बाई गात असावी, तसं वाटत होतं. आत्याआजी काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होती. संपल्यावर एवढंच म्हणाली, “यात मी श्वास कुठे घेतेय?”

साहेबांनी बॅग उघडली. मला आत ढग दिसले.

मग मला राहवलं नाही. ठेकाताईला आधीचंच गाणं लावायला सांगितलं आणि माइक घेऊन मी म्हणाले, “गाणं थांबलं की जसे असाल तसे थांबायचं. जो हलेल तो बाद.”

हे मोठ्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या थांब्याला एक बाई एका पायावर, कारकून खुर्चीतून अर्धवट उठलेला आणि सफाईवाले काका पोछ्यासकट पुतळा. पाच मोजेपर्यंत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. ठेका आला तसा असा काही हशा झाला की गाणं ऐकू येईना. दुसऱ्या थांब्याला साहेब फोन कानाला लावून फरशीवरून चालले होते. माझ्या वर्गातल्या मुलींनी त्यांना बाद केलं. ते म्हणाले, मी खेळतच नव्हतो. मुली म्हणाल्या, फरशीवर आहे तो खेळतोय. साहेबांनी फोन खिशात ठेवला आणि पुढच्या गाण्यात घ्या म्हणाले.

पाचव्या गाण्यापर्यंत साहेबांचा कोट खुर्चीवर होता आणि शर्ट बाहेर. ते तीनदा बाद झाले होते आणि प्रत्येक वेळी हुज्जत घालत होते. आता आत्याआजीही उतरली. एका हातात काठी, दुसरा हात माझ्या खांद्यावर आणि थांब्याला पाय सरळ पुढे. लोक बाद होत होत शेवटी ती आणि साहेब दोघंच उरले. साहेब थरथरले.

“आणखी एक गाणं,” ते धापा टाकत म्हणाले.

“आधी सही,” आत्याआजी म्हणाली.

बाबांनी पाठ पुढे केली. त्या पाठीवर नव्या अल्बमचा कागद ठेवून साहेबांनी सही सुरू केली. ठेकाताईने तेवढ्यात पुढचं गाणं लावलंच होतं आणि नेमका ठेका थांबला. साहेब जागच्या जागी गोठले. पेन हवेत, नाव अर्धं कागदावर, अर्धं राहिलेलं. बाबा वाकलेले, आईचा हात तोंडावर, कोणी डोळ्याची पापणीही लववेना. एक, दोन, तीन, चार, पाच.

ठेका आला आणि साहेबांनी उरलेलं आडनाव लिहून टाकलं.