घोड्याचे मागचे पाय

ओसाकाच्या त्या काबुकी नाटकमंडळीत कुमाझो घोड्याचे पुढचे पाय व्हायचा आणि साकिची मागचे. मखमली घोड्याच्या पोटात वाकून, कुमाझोच्या कमरेला विळखा घालून चालायचं, हेच साकिचीचं उभ्या जन्माचं काम. प्रेक्षकांनी त्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, त्यानंही त्यांचं नाही. समोर कायम कुमाझोची घामेजलेली पाठ.

त्या दिवशी दुपारच्या खेळात जखमी सरदार घोड्यावरून उतरला आणि मरण्याआधीचं लांबलचक भाषण सुरू झालं. सरदाराचं काम खुद्द मंडळीचे मालक करायचे. कुमाझो पुटपुटला, "साकिची, आज मालक काही लवकर मरत नाहीत बघ."

साकिची हसू दाबतोय तोच हातातली कमर सैल पडली. त्याला वाटलं, गडी थट्टा करतोय.

"अरे, नीट उभा राहा की!"

कुमाझोचा सगळा भार दंडांवर आला. ओरडावं की नाही, हे साकिचीनं ठरवलंच नाही. त्यानं फक्त पकड घट्ट केली. घोड्याची मान हळूहळू खाली झुकली. बाहेर कुणीतरी मुसमुसलं, कुणीतरी मोठ्यानं दाद दिली. सरदार मेला. मोतद्दारानं लगाम धरला आणि साकिचीनं कुमाझोला तसंच उचलून, त्याचे पाय फरफटत, घोडा विंगेत नेला.

मालक अर्धा रंग पुसून हसतच आले. "आज घोड्यानं काय रडवलं रे लोकांना!" मग त्यांना चटईवरचा कुमाझो दिसला, शेजारी मान हलवणारा डॉक्टर दिसला. ते भरजरी पोशाखातच खाली बसले.

दहनानंतर रीतीप्रमाणे चॉपस्टिकनं अस्थी वेचायला कुमाझोच्या बायकोनं, ओतोसेनं, साकिचीलाही बोलावलं. तो सांगतील तसं वेचत राहिला. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "भाऊजी, शेवटी काही बोलले का हो?"

"मालक लवकर मरत नाहीत, म्हणाला."

तिनं बाही तोंडावर धरली. हसली, मग त्याच हसण्यातून रडायला लागली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "तुम्ही हाक का नाही मारलीत कुणाला?" आवाजात राग नव्हता.

"माहीत नाही, वहिनी."

खरंच माहीत नव्हतं. ती रडत होती आणि तो समोरच्या मुळ्याच्या गाडीकडे बघत होता. मुळे चांगले जाड होते.

मंडळीचा व्यवस्थापक गोहेई म्हणाला, "आता पुढचे पाय तू हो. मागे इवामात्सुला घालतो. आणि हे बघ, ते मान झुकवणं मालकांना राहू द्यायचंय. लोक विचारतायत."

"बरं."

पुढच्या माणसाला घोड्याच्या छातीतल्या जाळीतून बाहेरचं दिसतं. साकिचीनं पहिल्यांदाच प्रेक्षक पाहिले. एक बाई डब्यातला भात खात होती. एक म्हातारा तोंड उघडं टाकून झोपला होता. भाषण संपत आलं तशी त्यानं मान झुकवली. बाईनं डबा मांडीवर ठेवला आणि डोळे पुसले. साकिची तिच्या हनुवटीला चिकटलेल्या शिताकडे बघत राहिला.

खेळानंतर दोघं उदोनच्या जाड शेवया खायला बसले. इवामात्सु पाठ चोळत म्हणाला, "दादा, वळताना जरा सावकाश वळा हो. मला मागं काही दिसत नाही."

"बरं," साकिची म्हणाला आणि वाडगा तोंडाला लावला.