शेजारणीला त्रास नको

झॉ लिनचं लग्न झालं, त्याच्या पुढच्या वर्षीची, म्हणजे २०१६ सालच्या पावसाळ्यातली ही गोष्ट. त्याची आई दॉ तिन म्या तेव्हा महाछाई या थायलंडातल्या बंदरगावी कोळंबी सोलायच्या कामावर होती. ब्रह्मदेश सोडून या देशात येऊन तिला अकरा वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत थाई भाषेतले आकडे आणि मुकादमाच्या शिव्या, एवढंच काय ते ती शिकली होती. "आपण बरं, आपलं काम बरं," ती म्हणायची. "परमुलखात कुणाला त्रास द्यायचा नाही."

आम्हा ब्रह्मी माणसांना हे बाळकडूच असतं. दुसऱ्याला तोशीस द्यायची म्हटलं की जीव कसनुसा होतो. घसा कोरडा पडला तरी पाहुणा पाणी नकोच म्हणतो. गावात हे शोभतं, कारण तिथे न मागताही पाणी पुढे येतं.

तिच्या शेजारच्या खोलीत लमयाई नावाची थाई बाई राहायची, कच्च्या पपईची कोशिंबीर विकायची. चार वर्षांत दोघींचं बोलणं मान हलवण्यापलीकडे गेलं नव्हतं. एकदा लमयाईने फणसाचे गरे दिले, तर हिने दुसऱ्याच दिवशी त्याच वाडग्यात केळी घालून उपकार फेडून टाकले.

त्या दिवशी झॉ लिन मासेमारीच्या बोटीवर होता. सातवा महिना लागलेली सून एई फ्यू सकाळपासून डोकं धरून बसली होती. हातपाय सुजले होते, तोंडही.

"आई, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत. समोरची भिंत दिसेना."

"पोटुशीला होतं असं. पडून राहा."

"दवाखान्यात जाऊ या ना. उपचाराचं कार्ड आहे आपलं."

"तिथे बोलणार कोण? आपले कागद करणाऱ्या दलालाला फोन लावलाय, त्याला थाई येतं, तो आला की जाऊ."

दलाल फोन उचलेना. बारा वाजले, एक वाजला.

"मग शेजारच्या मावशींना तरी हाक मारा!"

"त्यांच्या धंद्याची वेळ आहे. कशाला त्रास?"

तरी ती दोनदा लमयाईच्या दारापर्यंत गेली. हात उचलला, दारावर थाप मारवेना, तशीच परत आली. दुसऱ्यांदा परतली तेव्हा सून जमिनीवर पडली होती. दातखीळ बसलेली, सगळं अंग झटके देत होतं. दॉ तिन म्याने किंकाळी फोडली.

लमयाई धावत आली. ब्रह्मी मजुरांना वीस वर्षं कोशिंबीर विकून तिला मोडकीतोडकी भाषा येत होती.

"कधीपासून दुखतंय हिचं?"

"सकाळपासून."

"सकाळपासून! आणि मी भिंतीपलीकडे पपई किसत बसले!"

"तुम्हाला त्रास..."

"चार वर्षं तुझ्या मिरच्यांच्या खकाण्याने शिंकतेय, तो त्रास नव्हता? ऊठ, पाय धर तिचे!"

लमयाईने आपल्या तीनचाकी गाडीवरून पपया, खलबत्ता, सगळं खाली लोटलं. सुनेला आडवी घातली आणि गाडी दामटली.

इस्पितळात ब्रह्मी बोलणारी एक मुलगी नेमलेली होती! अकरा वर्षांत दॉ तिन म्याला ते कळलंच नव्हतं. डॉक्टरांनी त्या मुलीकरवी विचारलं, "रक्तदाब एवढा चढलाय. सकाळीच का नाही आणलंत?"

सुनेला आत नेलं. बाकावर लमयाई हळूच म्हणाली, "मी गरे दिले, तू लगेच केळी परत केलीस. वाटलं, या बाईला मी नकोय. अगं, शेजाऱ्याला कधीच त्रास द्यायचा नाही, म्हणजे त्याला शेजारी मानायचंच नाही."

दॉ तिन म्याने तिचा हात घट्ट धरला. "बहिणी, माझं चुकलं गं!"

पुढे ती लमयाईजवळ बसून थाई बोलायला शिकली. चाळीत नवी ब्रह्मी बाई आली, की तिला हाताला धरून शेजारच्या दारात उभी करायची. "ही तुमची नवी शेजारीण. हिला त्रास देता येत नाही, जरा शिकवा!"

बंधुभगिनींनो, परक्या देशात भाकरी कष्टाने मिळते, पण आपली माणसं हाक मारल्याशिवाय मिळत नाहीत. ती हाक वेळेवर मारा. संकोचापायी जीव टांगणीला लावू नका.

एई फ्यू वाचली. वेळेआधीच जन्मलेली तिची मुलगी काचेच्या पेटीत तीन दिवस होती. चौथ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, ती गेली.