म्हाताऱ्याची माती

सिरसाळ्यात केबल आली तेव्हापासून विरुपाक्षच्या किराणा दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी आणि टीव्ही बघणारेच जास्त. त्यात पहिला नंबर समोर फळांचा गाडा लावणाऱ्या वाहेदचा. हिंदीत बोलणारे चिनी सिनेमे बघायला त्याला लई आवडायचं, आणि विरुपाक्षला त्यांना शिव्या घालायला.

"उडतंय बघ कसं! कमरेची दोरी आंधळ्यालाबी दिसंल," गूळ फोडता फोडता विरुपाक्ष म्हणाला. "अन् भात खातेत काड्यांनी! देवानं हात कावून दिलेत मग?"

"बघू दे ना बे," वाहेद कुरकुरला.

तेवढ्यात सिनेमातला म्हातारा गुरू मांडी घातल्या जागीच मेला. चेल्यांनी त्याला तसाच खड्ड्यात बसवला आणि माती लोटली. आज पहिल्यांदाच वाहेदला हसायला काहीतरी सापडलं.

"मेल्यावर बी बसलाय बघ बे! आडवं पडायला काय झालतं?"

विरुपाक्ष हसला नाही. गूळ फोडणारा त्याचा हात थांबला होता.

"दात काढू नको. आमा लिंगायतात असंच बसवून माती देतेत. माझ्या बापाला ह्याच हातांनी बसवलंय."

वाहेद ओशाळला. पडद्यावर चेले रडत होते. विरुपाक्ष डोळे बारीक करून बघत राहिला आणि एकदम भडकला.

"कपाळाला इभूत न्हाई, बेलाचं एक पान न्हाई! म्हाताऱ्याला तसाच पुरला की रे हरामखोरांनी!"