चांदावरचा माणूस आणि कळसाडीची सुपारी

कळसाडीच्या हिलालनानाला जगात दोनच व्यसनं. एक सुपारीचं आणि दुसरं वादाचं. आणि वादातही विषय ठरलेला. माणूस चंद्रावर गेलाच नाही, ती सगळी स्टुडिओतली नौटंकी, हे त्याने ऊसतोडीच्या मुकादमापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. पटलं कोणालाच नव्हतं, पण ऐकून घ्यावं सगळ्यांनाच लागे.

गेल्या वर्षी याच खोडीपायी पोरीचं ठरत आलेलं स्थळ हातचं गेलं. मुलाचा मामा इंजिनिअर निघाला, नानाने त्याला भर बैठकीत बावळट म्हटलं, आणि पाहुणे चहाला हात न लावता ओसरीवरून उठून गेले. हर्षदा, त्याची एकुलती लेक, बापाला एका शब्दाने बोलली नाही. तेच नानाला आतून खात होतं.

म्हणून आज खापरहून पाहुणे यायच्या आधी त्याच्या बायकोने, कोकिळाबाईने, त्याला दाराआड घेऊन बजावलं, "आज चांदनं नाव काढं ना, तर पाहुनास्ना समोर तोंडमा फडकं कोंबसू."

"नही काढस मी," नाना म्हणाला, आणि खरंच तोंडाला कुलूप घालून बसला. मुलगा भावेश साधा, हसरा. हर्षदा त्याच्याशी फोनवर बोलली होती आणि तेव्हापासून भाकऱ्या थापताना गुणगुणत होती. हे स्थळ मोडून कसं चालेल?

पण नशीब बघा. मुलाचे वडील हेमकांत गुरुजी शाळेत विज्ञान शिकवायचे. पाहुणे ओसरीवर टेकले, मधे सुपारीचं ताट आलं, पाऊसपाणी झालं, उसाचा भाव झाला, आणि त्यांनीच विषय काढला. "आमना शाळामा पोरेस्नी कागदनं चांद्रयान बनाडं, नाना. काय झकास!"

नानाने उपरणं सावरलं. "यान गयं, ते मी मानस." इथे थांबला असता तर देव पावला असता. "पन मानूस नही गया."

कोकिळाबाईने दाराआड कपाळाला हात लावला.

"नही गया?" गुरुजी सरसावून बसले.

"तठे वारा नही, तर झेंडा कसा हालना?"

"झेंडाले वरथून आडवी काडी व्हती. खोसतांना हालना, नि वारा नही म्हनीसनच तर लवकर थांबना नही."

"मंग फोटोमा तारा कोठे गयात?"

"तुमना अंगनमा मोठा लाईट लावा नि फोटो काढा. दखा एक तरी तारा येस का!"

आवाज चढले. नाना बायकोला दिलेला शब्द विसरला, पाहुणे कशाला आलेत तेही विसरला. शेवटी गुरुजींनी मांडीवर थाप मारली. "बरं, रशिया तर चांदवर जानारास्ना वैरी व्हता ना? तुमना शेजारी वीतभर बांध सरकावस, तर तुम्ही सारं गाव गोळा करतस. मंग रशिया इतली मोठी लबाडी दखीसन गप बठता का?"

असा प्रश्न नानाला आजवर कोणी घातलाच नव्हता. आणि विचार करायचा म्हणजे त्याला तोंडात सुपारी हवी. हाताने सवयीने खिशातला अडकित्ता काढला, समोरच्या ताटातली सुपारी उचलली, कट्कन फोडली आणि अर्धी तोंडात टाकली.

सगळ्यांच्या नजरा ताटावर गेल्या. ती सुपारी सोयरिकीची होती. दोन्हीकडच्यांनी हो म्हटलं की चार जाणत्यांसमोर ती फोडायची आणि वाटायची. फुटली की लग्न पक्कं. इथे अजून मुलाला विचारलं नव्हतं, मुलीला विचारलं नव्हतं, आणि मुलीच्या बापाने भांडता भांडता ती खाऊनही टाकली होती.

नानाच्या तेव्हा ध्यानात आलं. थुंकावी तर अपशकुन, गिळावी तर गिळवेना. पुन्हा आपणच, पुन्हा आपल्याच जिभेने लेकीच्या सुखात माती कालवली! त्याला वर बघवेना.

गुरुजींनी ताटाकडे पाहिलं, मग मुलाकडे. "भावेश, नाना तर सुपारी फोडीसन मोकळा व्हयनात. तुले पोर पसंद शे का?"

भावेशचे कान लाल झाले. "शे."

"बोलावा मंग हर्षदाले."

हर्षदा दारातच उभी होती. ती पुढे आली. "माले बी पसंद शे," ती म्हणाली. "पन एक अट शे. मन्हा बाबा चांदवरथून भांडतीनच. तुम्ही बी भांडा. फकत भांडी-भांडी ओसरीवरथून उठी जावानं नही. मांगला पाहुना उठी गयात, त्यास्ना राग मन्हा मनमा अजून शे."

नानाने चमकून तिच्याकडे पाहिलं. वर्षभर ही पोर गप्प होती ती पाहुण्यांवर रागावून. बापावर नाहीच.

"उठी कसाले जासू?" गुरुजी हसले आणि उरलेली अर्धी सुपारी त्यांनी तोंडात टाकली. "मन्हं अजून निम्मं बी बोलनं व्हयनं नही."

नानाच्या छातीवरचा धोंडा उतरला. एवढं हलकं त्याला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. उपरण्याने डोळे पुसत, नव्या व्याह्यांकडे बघत त्याने घरात हाक दिली, "चहा ठेव वं! याही बठनार शेतस."