दुसरा खिळा

मेडिकल कॉलेजात नव्या विद्यार्थ्यांचे प्रवेश सुरू झाले, तरी बापूराव टेलरच्या दुकानासमोर यंदा चपलांचा ढीग दिसेना. सावंगीच्या दवाखान्याच्या रस्त्यावर डॉक्टरकीच्या मुलांचे पांढरे ॲप्रन शिवावेत ते बापूरावांनीच, असं म्हणत. आता तीच मुलं नागपूरहून आणलेल्या तयार ॲप्रनच्या पिशव्या हलवत समोरून जात होती. काउंटरवर बसलेली मयुरी त्या पिशव्या मोजत राहायची.

बापूराव जाऊन वर्ष झालं होतं. शाळेतली नोकरी सोडून मयुरी वडिलांच्या जागी बसली, तेव्हा तिनं मनाशी एकच ठरवलं होतं. इथलं काही बदलायचं नाही. कापड बेतायचा त्यांचा पुठ्ठ्याचा फर्मा त्याच खिळ्याला लटकत होता. कापड तेच, खिसे तेच. कुणी काही सुचवलं तर ती शांतपणे म्हणायची, "बाबा असं करत नव्हते." मशीनचा आवाज तेवढा येत राही.

एका दुपारी एक विद्यार्थिनी तुटलेलं बटण लावून घ्यायला आली. तिच्या ॲप्रनला आतून एक तिरका खिसा होता.

"खाली वाकलं की वरच्या खिशातलं सगळं पेशंटच्या अंगावर पडायचं," ती हसून म्हणाली. "यातून मोबाईल पडत नाही. आमच्या होस्टेलवर सगळ्या मुली एका ताईंकडून असाच शिवून घेतात."

मयुरीनं खिशाचा कोपरा उलटून पाहिला. तिथं बारीक त्रिकोणी टाका होता. असा टाका तिच्याच दुकानात शिवणकाम करणारी कोकिळा घालायची. कोकिळा मागं मशीनवर मान खाली घालून बसली होती. तिचं मशीन थांबलं होतं.

संध्याकाळी घरी धुरपताबाई अंबाडीची भाजी निवडत होत्या. मयुरी उभ्या उभ्याच बोलली.

"आई, कोकिळा आपलं गिऱ्हाईक पळवून राह्यली. तिले काढावंच लागन."

"कापड आपलं होतं काय?"

"नाई."

"मशीन?"

"तिच्या घरचं."

"मंग तिनं नेलं काय आपलं?"

मयुरीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"थो खिसा तं तिनं आधी तुलेच दाखोला होता," धुरपताबाई म्हणाल्या. "मी डबा घेऊन आलती तवा. तू काय म्हनलं? बाबा असं करत नव्हते. साऱ्यायच्या समोर. बाई, गेलेल्या मानसाच्या नावापुढं कोन बोलन? तुह्या बाबाचं नाव तू दाराले कुलपावानी लावून ठेवलं."

मयुरी खाली बसली. अंबाडीची एक काडी हातात घेऊन तिनं खरी गोष्ट सांगितली. "अन् बिघडलं तं? बापूरावच्या पोरीनं दुकान बुडोलं म्हनतीन लोक."

"बिघडन ना. एखादा ॲप्रन बिघडन. त्याच्यासाठी कापडाचं सारं थान काऊन कापाचं? थोडंसं करून पाहाचं, लोकायले घालून पाहू द्याचं. अन् बिघडलं तं करनाऱ्याले धाकात नाई घ्याचं. नाई तं उद्या तुले कोनी सांगनारच नाई."

सकाळी कोकिळा आली ती स्वतःची कात्री पिशवीत भरायलाच.

"ताई, मले मालूम हाय तुमी काय म्हनसान ते."

"बस आधी," मयुरी म्हणाली. "अन् थो खिसा मले समजावून सांग."

कटिंग करणारे प्रेमदास चष्म्यावरून बघत म्हणाले, "कोकिळे, सांग वं बापा लवकर. ताईचं मन पलटलं तं मी जबाबदार नाई."

उरलेल्या कापडातून तीन ॲप्रन झाले. तीन मुलींना ते वापरायला दिले. आठवडाभरानं एक ॲप्रन परत आला. मोबाईलच्या वजनानं त्याची एक बाजू खाली ओढली गेली होती, शिवण उसवली होती. कोकिळेचं तोंड उतरलं. दुकानातल्या साऱ्या नजरा मयुरीकडे वळल्या. ते जुनं वाक्य तिच्या ओठांपर्यंत आलं. वडिलांचा फोटो समोर होता.

तिनं ते वाक्य गिळलं.

"वजन कापडानं नाई, खांद्यानं घ्याले पायजे," ती म्हणाली. "पट्टी कुठून द्याची, काका?"

प्रेमदासांनी खडू उचलला. कोकिळा पुढं सरकली.

त्या हंगामात गेलेलं सगळं गिऱ्हाईक काही परत आलं नाही. पण होस्टेलच्या मुली आल्या, आणि त्यांनी नव्या मुली आणल्या. कोकिळेचं घरचं मशीन तिच्याच मर्जीनं दुकानात आलं. दर शनिवारी दुपारनंतर उरलेल्या कापडावर ज्याला जे सुचेल ते करून बघायचं, बिघडलं तर दुकानाचं, जमलं तर नाव सुचवणाऱ्याचं, आणि चांगलं की वाईट ते घालणाऱ्यानं सांगायचं, असं ठरलं.

नवा फर्मा तयार झाला तेव्हा प्रेमदासांनी विचारलं, "बापूरावचा उतरवू काय?"

"नोको. बाजूले दुसरा खिळा ठोका."

आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात, दुकानात, कचेरीत गेलेल्या माणसाचा फर्मा असा टांगलेला असतो. तो जपावा, त्यात गैर काही नाही. पण त्याचं नाव घेऊन जिवंत माणसाचं तोंड बंद करू नये. ज्याला चुकायची मुभा नाही तो नवं काही सांगत नाही. एक दिवस तो गुमान आपली कात्री उचलतो आणि निघून जातो. दुःख आपलं असतं, त्याची किंमत दुसऱ्यांनी का द्यावी?

मयुरीनं वर बघितलं तेव्हा भिंतीवर नवे खिळे दोन होते.

"काका, दोन काऊन?"

"एक पुढच्यासाठी," प्रेमदास म्हणाले आणि हातोडी खाली ठेवली.